कर्ता कोण? तिसऱ्या वर्षाच्या वर्गातलं एक प्रकरण

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा अर्ध्यावर आला तोवर ‘कंपनीने अनैतिक मार्गाचा अवलंब केला’ हे वाक्य मी तीसेक वेळा वाचलं होतं. शब्द तेच, क्रमही तोच. बीबीएचं तिसरं वर्ष, विषय आंतरराष्ट्रीय व्यवसाय, अंतर्गत परीक्षा २० गुणांची आणि प्रश्न फोक्सवॅगन या जर्मन मोटार कंपनीच्या डिझेल प्रकरणावरचा, म्हणजे धुराच्या चाचणीत तिनं केलेल्या फसवणुकीवरचा. दोन तासिका घेऊन मी ते प्रकरण शिकवलं होतं आणि मुलांनी ते मन लावून पाठ केलं होतं. उत्तरांत चूक काढावी असं काही नव्हतं.

मग एक पत्रिका आली. उत्तर इतरांसारखंच, पण खाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं : ‘मॅडम, माझे पप्पा चाकणला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहेत. कस्टमरचं ऑडिट असलं की आदल्या दिवशी गेजवरचे कॅलिब्रेशनचे स्टिकर बदलतात. तुम्ही सांगितलेल्या गाडीसारखंच आहे ना हे? मग इथे अनैतिक कोण?’

व्हेंडर म्हणजे मोठ्या कंपनीला माल पुरवणारी कंपनी. गेज म्हणजे त्या मालाचं माप तपासायचं साधन, आणि ते साधन स्वतः कधी तपासून घेतलं ते त्यावरचा स्टिकर सांगतो. या ओळींमुळे माझी हा विषय शिकवण्याची रीत पुरती बदलली. त्याच ओळींच्या बाबतीत माझ्या हातून एक चूकही झाली. दोन्ही गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत की एक सोडून दुसरी सांगता येत नाही.

टेकडीवरची इमारत

बहुराष्ट्रीय कंपन्या आणि व्यावसायिक नीती शिकवताना मी पूर्वी भोपाळपासून सुरुवात करत असे. डिसेंबर १९८४ ची ती रात्र, १९८९ मधली ४७ कोटी डॉलरची तडजोड, आणि त्या रकमेवर आजही उठणारे प्रश्न. मुलं गंभीर होऊन ऐकतात, पण त्यांच्या जन्माच्या वीस वर्षं आधीची ती गोष्ट आहे. त्यांना तो इतिहास वाटतो, आणि इतिहासातल्या माणसांच्या जागी स्वतःला ठेवून पाहणं त्यांना जड जातं.

फोक्सवॅगनचं प्रकरण पुण्यातल्या मुलांच्या दाराशी येऊन थांबतं. कंपनीचा कारखाना चाकणला २००९ मध्ये सुरू झाला. माझ्या वर्गातली काही मुलं सकाळी जर्मनचा क्लास करून कॉलेजात येतात, कारण पुढे तिकडे शिकायला जायचं असतं. काहींच्या घरी गुरुवारी सुट्टी असते. एमआयडीसीत कामाला जाणारं माणूस घरात आहे, हे पुण्यात तेवढ्यावरून कळतं. आणि कोथरूडकडून वेताळ टेकडीवर फिरायला जाणाऱ्या प्रत्येकाला ‘एआरएआय’ ही चार अक्षरं ठाऊक असतात. मुलांना ते टेकडीचंच नाव वाटत होतं. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ पासूनची वाहन चाचणी संस्था तिथे आहे, आणि २०१५ मध्ये सरकारनं फोक्सवॅगनच्या गाड्यांच्या तपासणीचं काम तिच्याकडेच दिलं होतं, हे सांगितलं तेव्हा वर्ग एकदम जागा झाला. ‘म्हणजे आपण सूर्योदयाचे फोटो काढतो तिथे?’ असं एकानं विचारलं. तिथेच.

प्रकरण ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी एवढं पुरे. २०१३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटानं काही डिझेल गाड्यांच्या मागे मोजणीची यंत्रं बसवली आणि त्या कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर चालवल्या. त्यातली फोक्सवॅगनची पसाट तर लॉस एंजेलिसपासून सिएटलपर्यंत नेली. प्रयोगशाळेत नियमात बसणारी फोक्सवॅगनचीच जेट्टा रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड हा घातक वायू मर्यादेच्या १५ ते ३५ पट सोडत होती. पसाट ५ ते २० पट. पुढे उलगडा झाला तो असा : स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन किती वेळ चालू आहे आणि हवेचा दाब, एवढ्यावरून गाडीतलं सॉफ्टवेअर ओळखायचं की आपली चाचणी चालू आहे. तेवढ्यापुरती धूर साफ करणारी यंत्रणा पूर्ण काम करायची. गाडी रस्त्यावर आली की ती यंत्रणा ढिली पडायची. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं कंपनीला नोटीस बजावली. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये असं सॉफ्टवेअर असल्याचं कंपनीनं मान्य केलं. पाच दिवसांत मुख्याधिकारी मार्टिन विंटरकॉर्न पायउतार झाले, आपल्याकडून काही गैर घडल्याचं आपल्याला ठाऊक नाही असं सांगून.

हे सगळं मी गोष्टीसारखं सांगितलं होतं, शेवटासकट. शेवट माहीत असलेल्या गोष्टीत खलनायक ओळखायला काही कष्ट पडत नाहीत. तीस उत्तरपत्रिकांत एकच वाक्य आलं ते त्यामुळेच, असं मला आता वाटतं.

माझी चूक

त्या मुलीच्या ओळी वाचून मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्याच दिवशी त्या वर्गात वाचून दाखवल्या. नाव घेतलं नाही. पण चाकणहून येणारी मुलगी वर्गात एकच होती आणि साठ माना एकाच बाकाकडे वळल्या. ‘कोणती कंपनी?’ असं एकानं विचारलं. तिच्या शेजारच्या रांगेत भोसरीचा एक मुलगा बसतो. त्याच्या मामांचं वर्कशॉप चाकणच्या दोन-तीन कंपन्यांना माल पुरवतं. त्यानं काही वाईट हेतूनं केलं नाही, पण संध्याकाळी घरी बोलला असणार.

ती पुढचे नऊ दिवस आली नाही. मैत्रिणी सांगत, बरं नाही. मला कळायला हवं होतं, पण मी त्या दिवसांत ‘आपण किती जिवंत उदाहरण वर्गात आणलं’ याच भरात होते. नीती शिकवणाऱ्या माणसाकडून हे व्हावं याचं मला आजही फार वाईट वाटतं. आपण विद्यार्थ्यांना सांगतो की प्रश्न विचारा, तुमच्या घरातलं, गल्लीतलं उदाहरण आणा. ते उदाहरण आणण्यात त्यांचं काय पणाला लागतं याचा हिशेब आपण मांडत नाही.

दहाव्या दिवशी, गुरुवारी, तिचे वडील कॉलेजात आले. इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट. स्टाफरूममध्ये खुर्चीच्या कडेवर बसले. मी चहा सांगितला, तो त्यांनी घेतला नाही. मी म्हणाले, ‘वर्गात त्या गोष्टीचा उल्लेख झाला. तो व्हायला नको होता.’

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘झाला नाही मॅडम. तुम्ही केला.’

आवाज चढवून नाही. कामावर एखाद्या नव्या पोराला मोजमाप चुकलं म्हणून सांगावं तसं. मी म्हणाले, ‘हो, मी केला. तिला न विचारता केला.’ तेव्हा कुठे ते खुर्चीत नीट टेकून बसले.

मग त्यांनी मला तासभर शिकवलं. पार्टचं माप तपासायचं गेज ठरलेल्या मुदतीनं प्रयोगशाळेत पाठवून तपासून घ्यावं लागतं. ते परत यायला काही दिवस लागतात, बिल येतं, आणि दुसरं गेज नसेल तर तोवर मोजायचं कशानं? लाइन तर थांबवता येत नाही. मालाअभावी मोठ्या कंपनीची लाइन थांबली तर डेबिट नोट, म्हणजे नुकसानीचं बिल, व्हेंडरच्या नावावर फाटते. म्हणून मुदत संपलेलं गेज तसंच वापरात राहतं, आणि ऑडिटच्या आदल्या दिवशी त्यावर नवी तारीख चिकटते. ‘गेज बहुतेक वेळा बरोबरच असतं, मॅडम. आमचा पार्ट चुकीचा गेला असं आजवर झालेलं नाही.’ थोडं थांबून म्हणाले, ‘पण गेलाच असेल तर मला तरी कळणार कसं?’

जाताना त्यांनी एवढंच सांगितलं की पोरीनं लिहिलं ते खोटं नाही, पण ते तुमच्यापुरतं लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभी राहून सांगितलं की एका विद्यार्थिनीनं माझ्यापुरतं लिहिलेलं मी तिची परवानगी न घेता सर्वांसमोर वाचलं, ही माझी चूक आहे, आणि यापुढे त्या विषयावर वर्गात किंवा बाहेर बोलणं होऊ नये. सोमवारी ती आली.

कर्ता शोधा

‘झाला नाही, तुम्ही केला’ हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. सातवी-आठवीत मराठीच्या बाईंनी कर्ता ओळखायची युक्ती शिकवलेली असते : क्रियापदाच्या धातूला ‘णारा’ लावा आणि ‘कोण’ असं विचारा. रामानं आंबा खाल्ला. खाणारा कोण? राम. प्रत्येक मुलाला हे येतं. मी ठरवलं, फोक्सवॅगनचं प्रकरण पुन्हा घ्यायचं, चार तासिकांत, आणि ही एकच युक्ती घेऊन.

या वेळी शेवट आधी सांगितला नाही, म्हणजे माहीत असला तरी बाजूला ठेवायला सांगितला. वर्गाचे गट केले आणि प्रत्येक गटाला एक माणूस दिला : जर्मनीतला इंजिनचं सॉफ्टवेअर लिहिणारा इंजिनिअर, अमेरिकेतला जाहिरात अधिकारी, भारतातल्या कंपनीचा विपणन अधिकारी, पुण्यातल्या शोरूमचा सेल्समन आणि टेकडीवरचा चाचणी इंजिनिअर. माहिती चिठ्ठ्यांवर, टप्प्याटप्प्यानं. पहिली चिठ्ठी फोडल्याशिवाय दुसरी मिळायची नाही, आणि प्रत्येक चिठ्ठीनंतर एकच प्रश्न : तुमचा माणूस आज काय करेल, आणि ते एका वाक्यात असं लिहा की त्यात कर्ता दिसेल.

इंजिनिअरच्या गटाची पहिली चिठ्ठी आकड्यांची होती. अमेरिकेची नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा मैलामागे ०.०७ ग्रॅम, म्हणजे किलोमीटरमागे साधारण ०.०४ ग्रॅम. युरोपची त्या वेळची युरो ५ मर्यादा ०.१८ ग्रॅम. भारतातली बीएस ४ (भारत स्टेज ४) या नियमाची ०.२५ ग्रॅम. धूर साफ करणाऱ्या यंत्रणेवर पूर्ण भार टाकला तर इंधन जास्त लागतं, भाग लवकर झिजतात. वेळ संपत आला आहे, वरून तारीख ठरलेली आहे. आधी ज्या मुलांनी ‘अनैतिक मार्गाचा अवलंब’ असं लिहिलं होतं तीच मुलं आता कुजबुजत होती की आत्ता चाचणी पार करू, दुरुस्ती नंतर करता येईल. चिठ्ठीवर काही तसं लिहिलेलं नव्हतं. एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, यात मी फसवतोय असं वाटतच नाही. मी फक्त वेळ मारून नेतोय.’ मला वाटतं या एका वाक्यासाठी सगळा खटाटोप सार्थकी लागला.

पण वाक्य लिहायची वेळ आली तेव्हा त्याच गटानं लिहिलं : ‘सॉफ्टवेअरमध्ये तात्पुरती तडजोड करण्यात आली.’ मी फळ्यावर लिहिलं : करणारा कोण? पाचही जण एकमेकांकडे बघायला लागले. 

हीच गोष्ट खऱ्या प्रकरणात कशी घडली ते मी नंतर सांगितलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीसमोर तिथल्या कंपनीचे प्रमुख मायकल हॉर्न यांनी साक्ष दिली की हे एक-दोन सॉफ्टवेअर इंजिनिअरांचं काम आहे. पुढे २०१७ मध्ये जेम्स लियांग या इंजिनिअरला ४० महिन्यांची आणि ऑलिव्हर श्मिट या व्यवस्थापकाला ७ वर्षांची शिक्षा अमेरिकेत झाली. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या न्यायालयानं चार माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवायला २०२५ चा मे महिना उजाडला, आणि त्यातल्या दोघांना तुरुंगवास सुनावला. कर्ता सापडतो, पण वरच्या पायरीकडे जाताना किती वर्षं लागतात ते मुलांनी बोटांवर मोजलं.

एक इंजिन, दोन वचनं

जागतिक विपणनाचा भाग मी आधी या प्रकरणाला जोडतच नव्हते. तो वेगळ्या घटकात, वेगळ्या उदाहरणांसह यायचा. आता मला तो जोडल्याशिवाय हे प्रकरण अपुरं वाटतं.

अमेरिकेत या गाड्या ‘स्वच्छ डिझेल’ म्हणून विकल्या गेल्या. एका जाहिरातीत एक आजीबाई आपला पांढरा स्कार्फ धुराड्याला लावून दाखवते की बघा, डाग पडत नाही. तिथल्या व्यापार आयोगानं मार्च २०१६ मध्ये या जाहिराती फसव्या असल्याबद्दल कंपनीवर खटला भरला. भारतात कोणी स्वच्छतेचं नाव काढलं नव्हतं. इथे जर्मन इंजिनिअरिंग विकलं जात होतं. २०१० मध्ये कंपनीची व्हेंटो ही गाडी आली तेव्हा सकाळचं इंग्रजी वर्तमानपत्र उघडताच ते बोलायला लागलं होतं. पानाला चिकटवलेल्या छोट्या यंत्रावर उजेड पडला की ध्वनिमुद्रण सुरू व्हायचं. माझ्या वडिलांनी ते पान दोनदा मिटून उघडून पाहिलेलं मला चांगलं आठवतं. त्या पानात धुराविषयी एक शब्द नव्हता.

सेल्समनच्या गटात खरोखरच सुट्टीत शोरूमला काम केलेला एक मुलगा होता. तो म्हणाला, ‘गिऱ्हाईक फक्त विचारतं, ॲव्हरेज किती देते. धुराचं मला कुणी कधी विचारलं नाही. मग मी काय फसवलं?’ वर्ग दोन तट पडून भांडला. एका बाजूचं म्हणणं, जे वचन दिलंच नाही ते मोडलं कसं? दुसऱ्या बाजूचं, धूर गाडी घेणाऱ्याच्याच नाकात जातो असं थोडंच आहे? चांदणी चौकात सिग्नलला मागे स्कूटरवर बसलेल्याला कोणी कुठलं वचन दिलं होतं? हे दुसरं म्हणणं मांडणारी मुलगी एरवी वर्गात तोंड उघडत नाही.

टेकडीवरच्या इंजिनिअरच्या गटाला मी तेव्हा चौथी चिठ्ठी दिली. सरकारच्या सांगण्यावरून झालेल्या तपासणीत रस्त्यावरचं उत्सर्जन बीएस ४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळलं. १ डिसेंबर २०१५ रोजी कंपनीनं भारतात ३,२३,७०० गाड्या परत बोलावल्या. त्यात फोक्सवॅगनच्या १,९८,५००, त्याच समूहातल्या स्कोडाच्या ८८,७०० आणि ऑडीच्या ३६,५००. पण भूमिका अशी की हा रिकॉल स्वेच्छेचा आहे, इथला कोणताही नियम आम्ही मोडलेला नाही, कारण भारतात मोजमाप प्रयोगशाळेतच होतं, रस्त्यावरच्या उत्सर्जनाला मर्यादाच नाही. नियमाच्या अक्षरापुरतं पाहिलं तर तशी मर्यादा तेव्हा खरोखरच नव्हती. रस्त्यावरची चाचणी आपल्याकडे सक्तीची झाली ती १ एप्रिल २०२३ पासून.

‘मग गुन्हा कसला?’ असं बहुतेकांचं मत पडलं. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एकानं वहीत आकडेमोड केली होती ती सांगितली. ०.२५ ची २.६ पट म्हणजे ०.६५. अमेरिकेची मर्यादा ०.०४३. म्हणजे आपल्याकडची ‘अडीच पट’ तिकडच्या मापानं पंधरा पट होते. अंदाजी गणित, पण बरोबर. वर्गात काही क्षण कोणी बोललं नाही. मग कोणीतरी म्हणालं, ‘आपली पट्टीच मोठी आहे.’ पट्टी आखणारा कोण, हा प्रश्न मी विचारायच्या आधी मुलांनीच विचारला, आणि तास सरकार, उद्योग, आपण मतदार आणि आपण गिऱ्हाईक इथवर गेला. तो आवरायला मला जमलं नाही आणि मी आवरायचा फार प्रयत्नही केला नाही.

पुढचं थोडक्यात सांगितलं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणासमोर दाद मागणाऱ्यांमध्ये एक शाळाशिक्षिका होती. तज्ज्ञ समितीनं दिल्लीतल्या आरोग्यहानीची किंमत सुमारे १७१ कोटी रुपये काढली. ७ मार्च २०१९ रोजी न्यायाधिकरणानं ५०० कोटींचा दंड ठोठावला. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं कंपनीवर सक्तीची कारवाई करायला स्थगिती दिली.

तळेगावच्या एका मुलाचा प्रश्न मात्र मी थोडक्यात उरकू शकले नाही. त्याचे काका जनरल मोटर्समध्ये होते. तिथलं उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबलं. तो म्हणाला, ‘मॅडम, कंपनीला जास्त धरलं तर ती जाते. गेल्यावर काय होतं ते मी घरात बघितलंय.’ तळेगावची कंपनी कोणी धरल्यामुळे गेली नव्हती. भारतातली विक्रीच तिनं २०१७ च्या अखेरीस बंद केली होती. हे मी त्याला सांगितलं, पण त्याच्या भीतीला ते उत्तर नव्हतं, आणि ती भीती खोटीही नाही. नीतीचा तास घेताना पोटाचा प्रश्न ‘विषयाबाहेरचा’ म्हणून बाजूला सारणारे शिक्षक मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. टेकडीवरचा इंजिनिअर, शोरूममधला पोरगा, चाकणचा इन्स्पेक्टर, प्रत्येकाच्या सहीमागे घराचा हप्ता असतो. तो हिशेबात धरूनच बोलायला हवं.

पत्र

चौथ्या तासाला सगळ्यांना एकच काम : तुम्ही भारतातल्या कंपनीचे अधिकारी आहात, पुण्यातल्या एका व्हेंटो मालकाला रिकॉलचं पत्र लिहा. मराठीत, एक पान. 

मराठीत लिहायला सांगितलं त्याचं कारण साधं होतं. इंग्रजीत लिहायला सांगितलं की मुलं इंटरनेटवरचा साचा उचलतात. पण साचा मराठीतही आलाच : ‘काही वाहनांच्या सॉफ्टवेअरमध्ये विसंगती आढळून आली आहे. ग्राहकांचा विश्वास हीच आमची खरी संपत्ती आहे.’ साठातल्या निदान पंचेचाळीस पत्रांत ‘आढळून आली’ होतं.

फळ्यावर आम्ही युक्ती लावली. आढळणारी कोण? विसंगती. व्याकरणानं उत्तर बरोबर आहे. त्या वाक्यात विसंगतीच कर्ता आहे. कोणी बसवली नाही, कोणी लपवली नाही, ती आपली आपण आढळली, रस्त्यात सापडलेल्या नाण्यासारखी. मुलं हे पाहून हसली नाहीत, जराशी दचकली. मग दुसरा खर्डा झाला. ‘आमच्या इंजिनिअरांनी’ असं बऱ्याच जणांनी लिहिलं, म्हणजे मायकल हॉर्न यांचंच उत्तर. तिसऱ्या खर्ड्यात ‘आम्ही’ आला. आणि ‘आम्ही’ आला की पुढची वाक्यं आपोआप बदलत गेली. ‘आपली गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत’ च्या जागी ‘तुमची गाडी रस्त्यावर जास्त धूर सोडते. ते आम्हाला माहीत झालं आहे. दुरुस्तीनंतर ॲव्हरेजमध्ये फरक पडला तर आम्हाला कळवा, त्याची जबाबदारी आमची.’ भारतातली कंपनी ‘आम्ही नियम मोडला’ असं लिहिणार नाही, हे मुलांना ठाऊक होतं. पण नियम मोडला की नाही या वादात न शिरताही खरं वाक्य लिहिता येतं, एवढं त्यांच्या हाताला कळलं.

काही पत्रं बिघडलीही. एका गटानं इतकी माफी मागितली की गाडीवाल्यानं करायचं काय तेच पत्रात राहिलं नाही. दुसऱ्या गटाच्या विपणन अधिकाऱ्यानं प्रत्येक वाक्यात स्वतःचं नाव घातलं. तोही पळवाटेचाच एक प्रकार, कारण वरच्यांची नावं त्यात आली नाहीत. ही युक्ती काही सगळीकडे पुरत नाही. हजारो माणसांच्या कंपनीत एका क्रियापदाला एक कर्ता क्वचितच असतो, आणि हा भाग मला अजून नीट शिकवता येत नाही.

विद्यापीठाच्या परीक्षेत पुन्हा ‘व्यावसायिक नीतीचे महत्त्व स्पष्ट करा’ असाच प्रश्न आला. मुलांनी मुद्दे लिहिले, गुण मिळवले. तिथे याचा काही उपयोग झाला असं मी म्हणणार नाही.

ती मुलगी चारही तासांना आली. टेकडीवरच्या इंजिनिअरच्या गटात होती, फारसं बोलली नाही, पत्र चांगलं लिहिलं. सत्र संपल्यावर मी तिला विचारलं, पुढच्या वर्षीच्या भूमिकांमध्ये एक व्हेंडरकडचा क्वालिटी इन्स्पेक्टर घालावा असं मनात आहे. फोक्सवॅगनच्या प्रकरणाशी त्याचा संबंध नसेल, कंपनी, गाव, पार्ट सगळं बदललेलं असेल. तुझी हरकत आहे का? ती म्हणाली, पप्पांना विचारते. 

त्यांनी हो म्हटलं, एका अटीवर : आधी वाचायला पाठवा. मी दोन पानांचा मसुदा पाठवला. आठवड्यानं तो तिच्याच हाती परत आला. लाल पेननं दोन ठिकाणी तांत्रिक चुका दुरुस्त केल्या होत्या. एका ठिकाणी मी लिहिलं होतं, ‘ऑडिटच्या आदल्या दिवशी गेजवरचे स्टिकर बदलले जातात.’ ते वाक्य खोडून शेजारी लिहिलं होतं, ‘साहेब सांगतात, मी बदलतो.’